आधी मालक पाहा, मग मुलूख



या सदरात आपण बहुधा पिकांविषयी बोलतो. कधी करपा, कधी ठिबक, कधी कांद्याची चाळ. आज पीक बाजूला ठेवून पोरांविषयी बोलायचे आहे. कारण असे की, हल्ली आमच्या कचेरीत मातीच्या नमुन्याची पिशवी घेऊन येणारे शेतकरी कधी कधी दुसऱ्या पिशवीत मुलाचा पासपोर्टही घेऊन येतात.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. आमच्या द्राक्षपट्ट्यातले एक शेतकरी धाकट्या मुलाला घेऊन आले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. मुलगा बारावी झालेला, ट्रॅक्टर चालवणारा, छाटणीला हात बसलेला. तात्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार कागद काढून टेबलावर ठेवले.

“साहेब, मागं पीककर्जाचे कागद तुम्हीच वाचून दिले होते. आता एवढे वाचून द्या. पोरगं कॅनडाला चाललंय. शेतावरचंच काम आहे. एजंटानं चौदा लाख सांगितलेत, दोन दिलेत. बाकीच्यासाठी विहिरीकडचं दीड एकर काढावं म्हणतो.”

विहिरीकडचे दीड एकर मला ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी तिथेच आम्ही ठिबकाचे प्रात्यक्षिक घेतले होते. तात्यांच्या चार एकरांतला तोच खरा कमावता तुकडा. बाकीचे पावसावर.

मी कागद हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला. “तात्या, मालक कोण?”

“मालक म्हणजे?”

“मुलगा ज्याच्या शेतावर कामाला जाणार, तो.”

तात्यांनी मुलाकडे पाहिले. मुलाने एजंटाचे नाव सांगितले.

इथेच सगळी मेख आहे. एजंट म्हणजे मालक नव्हे. आपण म्हैस घेताना तिच्या सडाला हात लावून पाहतो, मुलगी देताना घरदार, पाणी, चार पाहुण्यांचे मत पाहतो. पण मुलगा सातासमुद्रापार पाठवताना ज्याच्या दारात तो दोन वर्षे राबणार, त्याचे नाव-गावही विचारत नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा हा व्यवहार. आपल्या डोक्यात एकच प्रश्न असतो, माझा मुलगा पात्र ठरेल का? खरे तर कायदा आधी दुसराच प्रश्न विचारतो. परदेशी माणूस कामावर ठेवायला तो मालक पात्र आहे का?

हे नीट समजावे म्हणून कॅनडाचेच उदाहरण घेऊ.

तिथल्या शेतकऱ्यालाही आपल्यासारखीच मजुरांची अडचण आहे. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार जसा छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्यांची वाट पाहतो, तसा तोही हंगामात माणसांची वाट पाहतो. १९६६ साली ओंटारिओ प्रांतात जमैका देशातून २६४ मजूर हंगामी कामाला आणले गेले. तिथून या व्यवस्थेची सुरुवात झाली. १९७४ मध्ये मेक्सिको त्यात आला. पण मनात आले म्हणून तिथल्या शेतकऱ्याला बाहेरदेशचा माणूस आणता येत नाही. आधी त्याला सरकारच्या परीक्षेला बसावे लागते. परीक्षेत तो उतरला, तर सरकार त्याला एक अभिप्रायपत्र देते. त्याचे नाव ‘लेबर मार्केट इम्पॅक्ट असेसमेंट’, थोडक्यात एलएमआयए. परदेशी मजूर आणल्याने आपल्या देशातल्या कामगारांचे नुकसान होईल का, याची पाहणी करून दिलेले हे पत्र. तात्यांच्या मुलाच्या तोंडी हा शब्द सारखा येत होता. पण ते पत्र आपल्याला नव्हे, मालकाला मिळते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

या परीक्षेत मालकाला काय काय सिद्ध करावे लागते ते पाहा.

पहिली गोष्ट, धंदा खरा पाहिजे. शेत चालू असले पाहिजे, काम खरोखरच असले पाहिजे आणि कबूल केलेली मजुरी देण्याची त्याची ऐपत असली पाहिजे.

दुसरी गोष्ट, आधी स्वतःच्या देशातल्या माणसांना विचारले पाहिजे. त्यासाठी सरकारी नोकरभरतीच्या ‘जॉब बँक’सारख्या ठिकाणी जाहिरात द्यायची, आलेल्या अर्जांचा विचार करायचा आणि तरीही माणूस मिळाला नाही, हे दाखवायचे. काही ठरावीक प्रकारांत यातून सूट आहे, पण सर्वसाधारण नियम हाच.

तिसरी गोष्ट, मजुरी. बाहेरचा माणूस स्वस्तात मिळतो म्हणून त्याला आणता येत नाही. त्या कामाला त्या भागात सरकारने जो दर ठरवला आहे, त्याच्या खाली जाता येत नाही. स्थानिक मजुराचा भाव पडू नये, हा त्यामागचा हेतू.

चौथी गोष्ट, राहण्याची सोय. शेतीसाठी म्हणून जो खास प्रकार आहे, त्यात मजुराच्या राहण्याची योग्य व्यवस्था मालकाने करायची आणि त्या घराची तपासणी झाल्याचा दाखलाही अर्जासोबत जोडायचा. शेतावरच्या घराबद्दल मजुरीतून कापायचे झाले, तर आठवड्याला जास्तीत जास्त ३० डॉलर.

पाचवी गोष्ट, प्रवास. याच प्रकारात मजुराच्या देशातून तिथे येण्याचा आणि काम संपल्यावर परत जाण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. तो नंतर मजुरीतून वळता करता येत नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ सुरू होईपर्यंतचा विमाही मालकानेच काढायचा.

आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मजूर शोधून आणण्याचा खर्च मजुराकडून घ्यायचा नाही. मालकाने स्वतः घ्यायचा नाही आणि त्याने नेमलेल्या दलालालाही घेऊ द्यायचा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅनडाने नियम कडक केले आणि ही जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली.

आता सांगा, या हिशेबात आपल्या तात्यांचे चौदा लाख कुठे बसतात?

कुठेच बसत नाहीत. आपल्याकडे ऊसतोडीला जोडपे निघते, तेव्हा मुकादम त्यांना उचल देतो. त्या उचलीतून किती घरे बुडाली हा वेगळा विषय आहे. पण तिथे निदान पैसा मालकाकडून मजुराकडे येतो. परदेशच्या या बाजारात मात्र मजूरच मुकादमाला उचल देतो, तीही जमीन विकून. हे उलटे वाहणारे पाणी आहे. आणि पाणी उलटे वाहू लागले की पाट कुठेतरी फुटला आहे, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मग मी तात्यांचे कागद वाचले. पत्रात लिहिले होते की, मुलाची निवड ‘हंगामी शेतमजूर कार्यक्रमा’त झाली आहे आणि एलएमआयएच्या फीपोटी साडेतीन लाख रुपये भरावेत. एका वाक्यात दोन लबाड्या होत्या.

हंगामी शेतमजूर कार्यक्रम खरा आहे. मघाशी सांगितलेला १९६६ चा तो हाच. पण तो फक्त मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे. तो त्या सरकारांमधल्या करारावर चालतो. भारताचा त्यात समावेश नाही. भारतीय माणसाला शेतीकामासाठी वेगळा मार्ग आहे. त्याला ‘अ‍ॅग्रिकल्चरल स्ट्रीम’ म्हणतात आणि तो कोणत्याही देशाच्या माणसाला खुला आहे. म्हणजे दार आहे, पण पत्रात दाखवलेले ते नव्हे.

दुसरी लबाडी फीची. एलएमआयएच्या अर्जाला मालकाला एका जागेमागे १,००० डॉलर भरावे लागतात, हे खरे. पण ती फी मजुराकडून वसूल करायला बंदी आहे. त्यात शेतावरच्या कामांना ही फी माफच आहे. जी फी मुळात लागतच नाही आणि लागली तरी मालकाची, ती आमच्या तात्यांच्या माथी मारली होती.

मुलाने अर्ज करताना सरकारला भरायचे पैसे फार थोडे असतात. २०२५ मध्ये कामाच्या परवान्याची फी १५५ डॉलर आणि बोटांच्या ठशांची ८५ डॉलर होती. पावतीसह भरायचे. वर वैद्यकीय तपासणीचा खर्च. एवढाच काय तो आपला वाटा.

मुलगा म्हणाला, “पण साहेब, त्यांच्याकडे एलएमआयएचं पत्र आहे. मी फोनवर पाहिलंय.”

मी त्याला बियाण्याची गोष्ट सांगितली. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते. पण चिठ्ठी निळी आहे म्हणून आपण डोळे मिटून पैसे देतो का? वाण कोणता, लॉट क्रमांक काय, तपासणीची तारीख कोणती, दुकानदाराचा परवाना आहे का, पक्के बिल देतो का, हे पाहतो. ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी दुबार पेरणी केली. निळा कागद कोणीही छापू शकतो. तसेच या पत्राचे. खऱ्या पत्रावर मालकाचे नाव, काम, ठिकाण, मजुरी असते आणि त्याची प्रत मालकच मजुराला देतो. शिवाय ते पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. मालक परीक्षेत उतरला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर मुलाने कामाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो आणि तो नाकारलाही जाऊ शकतो.

या पत्रांचा बाजार इतका माजला की, कॅनडाच्या सरकारलाच पाऊल उचलावे लागले. तिथे कायमचे राहू इच्छिणाऱ्यांना गुण मोजून निवडतात. त्यात नोकरीच्या हमीपत्राला जादा गुण होते. त्या गुणांसाठी पत्रे विकली जाऊ लागली, तेव्हा २५ मार्च २०२५ पासून ते गुणच काढून टाकले. तेव्हा “हे पत्र घ्या, पुढे कायमचे राहायला गुण मिळतील,” असे अजूनही कोणी सांगत असेल, तर तो शिळी भाकरी ताजी म्हणून विकतो आहे.

खोट्या कागदाचा फटका एजंटाला बसत नाही, आपल्या मुलाला बसतो, हेही ध्यानात घ्या. अर्जावर सही त्याची असते. अर्जासोबत खोटी कागदपत्रे जोडली असे ठरले, तर ५ वर्षे कॅनडाचे दार बंद. “मला ठाऊक नव्हते,” हे सांगून बहुधा सुटका होत नाही.

मालक खरा असला, तरी तो कसा आहे हे पाहणे उरतेच. कारण हा परवाना सामान्यतः एका मालकाशी बांधलेला असतो. मन मानेल तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर जाता येत नाही. मालकाने छळ केला, तर मजुराला दुसरीकडे काम करू देणारा खास परवाना मिळण्याची सोय तिथे २०१९ पासून आहे. ती मुलांना माहीत असावी. नियम मोडणाऱ्या मालकाला एका गुन्ह्यासाठी १ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, काही वर्षे किंवा कायमची परदेशी मजूर आणण्याची बंदीही होते. अशा मालकांची नावे तिथले सरकार जाहीर करते. ती यादी मोबाईलवर कोणालाही पाहता येते. ज्यांना एलएमआयए मिळाले, अशा मालकांचीही यादी दर तिमाहीला निघते. मात्र व्यक्तीच्या नावाने चालणारे धंदे त्या यादीत छापत नाहीत. म्हणून नाव नसले की मालक खोटाच, असे लगेच धरू नये.

आता आपल्या घरचा कायदा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाने केंद्र सरकारकडे नोंदणी केली पाहिजे, असे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात आहे. नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून सेवेपोटी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटीच घेता येतो, तोही पावती देऊन. चौदा लाख कुठे आणि तीस हजार कुठे!

इथे एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दहावी न झालेला माणूस आखाती देशांसारख्या ठरावीक १८ देशांत कामाला निघाला, तर त्याला आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते आणि त्या वेळी त्याच्या मालकाचे, कराराचे कागद तपासले जातात. कॅनडा त्या १८ देशांत नाही आणि आपली मुले तर बहुधा दहावीच्या पुढे शिकलेली. म्हणजे त्यांचे कागद आपल्या बाजूने कोणी तपासतच नाही. शिकलेल्याला अडवत नाहीत, तो त्याचे पाहील अशी कायद्याची समजूत. तेव्हा पाहणे आपल्याच अंगावर आहे.

म्हणून पैसा देण्यापूर्वी घरात सर्वांसमोर एवढे प्रश्न विचारा:

१. मालकाचे पूर्ण नाव, शेताचा पत्ता आणि फोन काय? मुलाचे त्या मालकाशी थेट बोलणे झाले का?

२. एलएमआयएच्या पत्राची प्रत आणि मालकाची सही असलेला करार हातात आहे का? दोन्हींत काम, मजुरी, तास आणि ठिकाण एकच आहे का?

३. राहणे, प्रवास आणि विमा यांचा खर्च कोणाचा, हे करारात लिहिले आहे का?

४. एजंटाची नोंदणी आहे का? तो पक्की पावती देतो का?

५. पासपोर्ट अजून आपल्याच कपाटात आहे ना?

यातल्या एकाही प्रश्नाला “ते नंतर बघू” असे उत्तर आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेलेच असतील, तर लाजेने गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयालाही कळवा. आपण गप्प बसलो की, तोच माणूस शेजारच्या गावात जातो.

भगिनींना वेगळे एक सांगणे आहे. जमिनीच्या आधी बहुतेक घरांत तुमचे दागिने निघतात. तेव्हा “बायकांना यातले काय कळते” असे कोणी म्हटले, तरी मालकाचे नाव विचारायला संकोच करू नका. बचत गटाचा एकेक रुपया वहीत मांडणाऱ्या हातांना हा हिशेब सहज कळतो.

मुलांनी परदेशी जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर जावे. काचगृहातली शेती पाहावी, चार पैसे मिळवावेत, चांगले शिकून यावे. नियमाने जाणाऱ्याला वाट आहे, पण ती हळू आहे. आधी मालकाची परीक्षा, मग आपला अर्ज, मग वाट पाहणे. “पंधरा दिवसांत विमानात बसवतो” म्हणणारा माणूस ती वाट दाखवत नसतो.

तात्यांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. मुलगा त्या दिवशी माझ्यावर रुसूनच गेला. घरी जाऊन त्याने दोन दिवस मोबाईलवर खटपट केली, पत्रातल्या शेताचा शोध घेतला. त्या गावात त्या नावाचे शेतच नव्हते. एजंटाला फोन केला, तर तो म्हणाला, “उरलेले पैसे भरा, मग मालकाशी बोलणे करून देतो.” दिलेले दोन लाख रोखीने दिले होते, पावती नव्हती. तक्रार दिली आहे, पण पैसे अजून आलेले नाहीत.

मागच्या महिन्यात मी त्या बाजूला गेलो होतो. विहिरीकडच्या दीड एकरात मुलगाच फवारणी करत होता. मला पाहून पंप थांबवून बांधावर आला. म्हणाला, “साहेब, मी अजून जाणार आहे. पण या वेळी एजंट शोधत नाही. मालक शोधतोय.” मग खिशातून मोबाईल काढून त्याने तीन शेतांची नावे दाखवली. तिघांनाही त्याने स्वतः पत्र लिहिले आहे. एकाचे उत्तर आले आहे, नकाराचे. पण ते मालकाचे आहे.

तात्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठून मोटार मात्र चालू केली.